साडूभाऊंची अंबाडी

माझ्या साडूंनी नाव दिलेलं नाही अशी वस्तू गोंडपिपरी तालुक्यात आता उरली असेल असं मला वाटत नाही. माणसांना आईबाप नावं देतात आणि गावांना वाडवडील. बाकीचं सगळं साडूंच्या वाट्याला आलं आहे. त्यांच्या विहिरीवरचा पंप 'रुसलेली नवरी' आहे, कारण दहा वेळा समजूत काढल्याशिवाय तो पाणी देत नाही. शेताकडे जाणाऱ्या ज्या पायवाटेवर पावसाळ्यात गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी आडवा होतो, ती 'साष्टांग मार्ग'. घरातला टेबलफॅन डावीकडे वळतो आणि तिथेच अडकतो, म्हणून तो 'एकतर्फी प्रेम'. ही नावं नुसती तोंडी नसतात. पत्र्याच्या पाटीवर लाल अक्षरांत, पिवळी कड काढून ती रंगवलेली असतात, आणि खाली एका ओळीत त्या वस्तूचं गुणवर्णन असतं. गोठ्याच्या दारावर 'एकदा याल तर पुन्हा याल' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. त्या पाटीखाली उभी असलेली म्हैस माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मी खरोखरच पुन्हा गेलो नाही.

याचं मूळ त्यांच्या तरुणपणात आहे. आमच्या भागात धानाची कापणी आटोपली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकीबाळी, पाहुणे, सगळे जमतात, आणि त्या रात्री नाटक असतं. साडूंनी पुष्कळ हिवाळे या नाटकांचा प्रचार करण्यात घालवले. जीपवर भोंगा बांधायचा, शेजारी ड्रायव्हर, मागे रंगीत कागदांचे गठ्ठे, आणि गावाच्या वेशीपासून शेवटच्या घरापर्यंत एका श्वासात नाटकाची महती सांगत जायची. नाटक त्यांनी क्वचितच पाहिलं. पण त्यांचा प्रचार ऐकून आलेले लोक नाटक संपल्यावर म्हणत की जीपवाला जास्त चांगला होता. भोंगा कधीच गेला, जीप राहिली, आणि तो आवाज साडूंच्या गळ्यात कायमचा राहिला. ते मीठ मागतात तेव्हाही वाटतं की आज रात्री ठीक नऊ वाजता मीठ येणार आहे.

मी हे हेव्याने लिहितो आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी भद्रावतीच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर बारीक अक्षरांत क्रमांक घातले. माझं बोलणं शेजारच्या टेबलावर ऐकू जात नाही, आणि माझ्या व्यवसायात हा गुण समजला जाई. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. मोठी बहीण मला मिळाली, धाकटी साडूंना. सासरी गेलो की मला पाट, पाणी आणि आदर मिळे. साडूंना माणसं मिळत. मला त्यांच्या केसांचा हेवा वाटतो, जे अजून काळे आहेत. त्यांच्या पचनाचा वाटतो. कुठेही, उभ्या बसमध्येसुद्धा, झोपी जाण्याचा वाटतो. मी तीस वर्षं एकाच थांब्यावर हात करत आलो तरी एसटीचा ड्रायव्हर दरवेळी गाडी पंचवीस पावलं पुढे नेऊन थांबवतो. साडूंच्या शेताशी बस आपण होऊन थांबते, मग ते शेतात असोत वा नसोत. एका लग्नात त्यांनी माझी ओळख करून दिली, "अख्खी लायब्ररी पोटात घालूनही ज्यांचं पोट दिसत नाही, असे आमचे मोठे साडूभाऊ," अशी. सगळा मांडव हसला. मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत त्याहून चांगलं वाक्य शोधत राहिलो. अजून सापडलेलं नाही.

सगळ्यांत जास्त हेवा मात्र आमच्या फाटकाशी सुरू व्हायचा. साडू कधी कडी वाजवत नसत. रस्त्यावरूनच त्यांचा पुकारा सुरू होई, "आले हो आले, खास लोकाग्रहास्तव, अंबाडीची ताजी जुडी घेऊन, फक्त एक दुपार, फक्त तुमच्या दारी." मग आमची ही पिठाच्या हातांनी तशीच बाहेर यायची, पदर तोंडाला लावून, आणि खांदे हलेपर्यंत हसायची. अंबाडी साडूंच्या धुऱ्यावरची असे. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिथे आमच्याकडे अंबाडी लावतात. पाल्याची आंबट भाजी होते आणि सालीचे दोर वळतात. हिच्या हातची ती भाजी, तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून केलेली, वरून लसणाची लाल फोडणी दिलेली, साडू, ज्यांना ही जावाई म्हणायची, तीनदा वाढून घेत. ही फार कमी हसते असं माझं तीस वर्षांचं निरीक्षण होतं. साडूंच्या मते तिच्याइतकी हसरी बाई चंद्रपूर जिल्ह्यात नव्हती. दोघांनीही जे पाहिलं तेच सांगितलं.

ही गेली त्याला दीड वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. नागपूरला भांगेच्या उद्योगाचं एक मोठं प्रदर्शन भरणार होतं. भांग म्हणजे होळीला घोटतात ती नव्हे, तिच्याच जातीचं बिनानशेचं झाड, ज्याला हेम्प म्हणतात आणि ज्याच्यापासून आता कापड, कागद, तेल, साबण, विटासुद्धा करतात. साडूंना हे कृषिमेळाव्यात एका तरुणाने सांगितलं. सालीचा धागा निघतो, बियांचं तेल निघतं, पान पंज्यासारखं फाटलेलं असतं, एवढं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या धुऱ्यावरची अंबाडी हाय ना बाप्पा." त्याच दिवशी त्यांनी अंबाडीच्या पानाचा फोटो काढून आयोजकांना पाठवला. अंबाडीचं पान दिसतं हुबेहूब भांगेसारखं. तिकडच्या शहरी मंडळींनी आयुष्यात अंबाडी पाहिली नव्हती. त्यांनी आनंदाने स्टॉल दिला, आणि विदर्भातला पहिला उत्पादक म्हणून साडूंचं नाव पत्रिकेत छापलं.

मला हे कळलं तेव्हा मी वनस्पतींवरचा जाडा ग्रंथ काढला, खात्री करून घेतली आणि साडूंना फोन केला. म्हटलं, साडूभाऊ, अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली. भांगेशी तिचं काही नातं नाही. फक्त पान सारखं दिसतं म्हणून शास्त्रज्ञांनीसुद्धा तिचं नाव भांगेवरून ठेवलं आहे.

"म्हणजे त्या पंडिताले बी तसंच वाटलं ना," साडू म्हणाले. "मंग मी एकटा थोडी हाय."

मी ते जाडं पुस्तक मिटून परत त्याच्या क्रमांकावर ठेवलं.

ते निघाले तो प्रवास मला धाकटीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोनवर सांगितला. जीपवर त्यांनी सहा फुटी पाटी लावली होती. तिच्यावर हिरव्यागार रंगात पाच बोटांचं पान, आणि खाली 'चंद्रपूर जिल्ह्याची शान'. मागे अंबाडीच्या जुड्या, वाळल्या पाल्याची पोती, दोरांची भेंडोळी. वाटेत तपासणी नाक्यावर हवालदाराने ते पान पाहिलं आणि शिट्टी मारली. कुठे निघालात म्हणून विचारल्यावर साडूंनी सरळ सांगितलं की भांगेच्या प्रदर्शनाला निघालो आहोत. खोटं बोलण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. मग जीप बाजूला घ्यायला लावली, पोती उतरवली, वरच्या साहेबांना फोन गेले. धाकटी रडकुंडीला आली. साडूंनी जुडीतलं एक पान तोडून हवालदारापुढे धरलं.

"खाऊन पाहा साहेब. आंबट लागली तं सोडा, नशा आली तं धरा."

हवालदाराने पान चावलं. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. मग तो मूळचा आमच्याकडच्या मूल गावाजवळचा निघाला, त्याची आई अशीच भाजी करायची हे निघालं, चहा निघाला, आणि जाताना दोन जुड्या नाक्यावर उतरल्या. मला त्या नाक्यावर अडवलं असतं तर मी तो ग्रंथ काढून पान उघडून दाखवलं असतं, आणि अजून तिथेच बसलो असतो.

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी संध्याकाळी धाकटीने पाठवलेलं एक पाकीट नागपूरच्या बसने भद्रावतीला आलं. आमच्याकडे डबे, औषधं, लग्नपत्रिका असंच कंडक्टरच्या हाती येतात. पाकिटात वाळलेली अंबाडी आणि कण्या होत्या. वर लाल अक्षरं, पिवळी कड. नाव होतं 'घ्या ना अजून'. त्याच्या खाली तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन, ज्याच्यावर फोन धरला की काही उघडतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून मी फोन धरला.

"अंबाडी पयले निवडून घ्या," ही म्हणाली. "देठ नका घेऊ. दोन पाण्यानं धुवा. तिसरं नोको, आंबटपणा जाते मंग. जावाई, तो फोन बाजूले करा ना, वाफेत पडन." आणि मग ते हसणं.

मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. आवाज खालूनही येत राहिला, फोडणीपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी, "घ्या ना अजून."

माझ्याकडे हिचे फोटो होते. मी ते वर्षवार लावले होते, मागे गाव आणि प्रसंग लिहिला होता. आवाज एकही नव्हता. गेल्या काही महिन्यांत तो मला नीट आठवेनासा झाला होता. मी बसून तो आठवायचा प्रयत्न करत असे आणि शब्द येत, आवाज येत नसे. तो साडूंकडे होता. इतके दिवस तिथेच होता. आणि तो त्यांनी पाकिटावर छापून नागपूरच्या बाजारात मांडला होता. इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नाही, आणि तो रागासारखाच गरम होता. सकाळच्या बसने मी निघालो. काय बोलायचं ती वाक्यं वरोऱ्यापर्यंत तयार झाली, आणि बुटीबोरीपर्यंत मी ती दोनदा दुरुस्त केली. मागणी एकच होती: ते काढून टाका, तिचा आवाज माझ्या घरी राहू द्या.

प्रदर्शनाचा मंडप एवढा थंड होता की मी मफलर काढला नाही. एका बाजूला काचेच्या पेटीत जांभळ्या दिव्यांखाली रोपं होती, आणि त्यांना किती तहान लागली आहे ते पडद्यावर आकड्यांत दिसत होतं. एक यंत्र एका टोकाने काड्या गिळून दुसऱ्या टोकाने रेशमासारखा धागा काढत होतं. सगळ्या स्टॉलांवर पांढऱ्या डब्या, त्यांवर एकच बारीक पान आणि एकच इंग्रजी शब्द, इतका लहान की चष्मा लावावा लागे. दाढी राखलेली तरुण मुलं हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी योग्य जागी आलो आहे आणि साडू चुकीच्या. तेवढ्यात मंडपाच्या त्या टोकाकडून पुकारा आला, "आले हो आले..."

सगळी गर्दी तिथेच होती. साडूंनी भला मोठा गंज भरून भाजी रांधून आणली होती आणि धाकटी पळसाच्या द्रोणांत ती वाढत होती. अख्ख्या प्रदर्शनात पोटाला काही मिळण्याची ती एकच जागा होती. आयोजकांपैकी एक मुलगी तिथे उभी होती. अंबाडी म्हणजे भांग नाही हे तिला पहिल्याच घासाला कळलं होतं, आणि दुसऱ्या घासानंतर तिने तो विषय सोडून दिला होता. तो चौकोन तिनेच करून दिला होता. नियम असा होता की पाकिटात काय आहे हे गिऱ्हाइकाला चौकोनातून कळलं पाहिजे. बाकी सगळ्यांनी प्रयोगशाळेचे अहवाल दिले. तिने साडूंकडे अहवाल मागितला तेव्हा ते म्हणाले, यात काय आहे हे फक्त आमच्या मोठ्या बाईलाच माहीत होतं, आणि हिचं बोलणं लावून दाखवलं. हिच्या शेवटच्या हिवाळ्यात, धाकटीची भाजी तशी होत नाही म्हणून, आमच्या घरी त्यांनी ते फोनमध्ये भरून घेतलं होतं.

मी गर्दीच्या कडेला थांबलो. चार-पाच फोन एकदम सुरू होते. एकात ही अंबाडी निवडत होती, एकात धूत होती, एकात फोडणी देत होती, आणि थोड्या थोड्या वेळाने कुठून तरी हसत होती. पहाडी मुलखातून आलेला एक दाढीवाला मुलगा आपल्या जोडीदाराला हिंदीत समजावत होता, दोनच पाण्यानं, तिसरं नाही. अनोळखी माणसं हिचं ऐकत होती. वाक्यं माझ्याजवळ तयार होती, पण ती सगळी मी विसरलो. मी साडूंना हाताला धरून पडद्यामागे नेलं आणि एवढंच म्हणालो, "ते काढून टाका."

साडूंनी का म्हणून विचारलं नाही. हातातला द्रोण त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"काढतो. आजच काढतो," ते म्हणाले. "तुमची बाई हाय ते. मले वाटलं, इतके लोक खाऊन राह्यले तं वाढणारी बी ते असावी."

मग त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि आपल्या फोनला जवळ धरून काही तरी केलं. ते करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे पूर्ण हाय," ते म्हणाले. "पाकिटावर तं निम्मंच टाकलं. मांगचं त्या पोरीनं कापलं. त्या दिशी मी फोन फळीवर ठेवला अन् जीप धुवाले गेलो, बंद कराचं राह्यलंच. काई नसन त्यात. नुसते तुम्ही दोघं."

संध्याकाळच्या बसने मी परत आलो. घरी येऊन दिवा लावला, चहा केला, आणि ओट्यापाशी खुर्ची घेऊन ते सगळं ऐकलं. निवडणं, धुणं, फोडणी, 'घ्या ना अजून'. मग साडूंची पावलं बाहेर गेली, धाकटी त्यांच्यामागे बोलत गेली, आणि फाटक वाजलं. त्यानंतर खरंच काही नव्हतं. गंजावर झाकण ठेवल्याचा आवाज. नळ. बांगड्या. थोड्या थोड्या वेळाने कागदाची एक सळसळ, ती मला लगेच ओळखू आली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी वाचत बसत असे. बराच वेळ असाच गेला. मग ही म्हणाली, "मीठ पाहा." मी म्हणालो, "हं." पुन्हा पान उलटलं. आणि मग अगदी हळू आवाजात, बाहेर जीपपाशी ऐकू जाणार नाही अशा बेताने, हिने पुकारा केला. "आले हो आले, खास लोकाग्रहास्तव, आमच्या घरचे, मुके नटसम्राट, फक्त हं म्हणतील, फक्त एक दुपार." साडूंचा श्वास, साडूंचा हेल, सगळं तंतोतंत. यावर एक माणूस हसला. मोठ्याने, मोकळं, ठसका लागेपर्यंत. तिसरं कोणी घरात आलं होतं का म्हणून मी तो भाग परत लावला. तो मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रदर्शन उघडण्याआधी, मी साडूंना फोन केला. पाकिटावरचं राहू द्या म्हणालो. ते रात्रीच काढायला सांगितलं होतं, पण त्या मुलीला सांगून परत टाकतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मांगचं आयकलं का? मी तं तिथवर कवा गेलोच नाई. काय हाय त्यात?"

त्या पुकाऱ्यात अर्धा वाटा त्यांचा होता, हे मला कळत होतं. सांगितलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता तेही कळत होतं. त्यांच्यापाशी केस आहेत, पचन आहे, थांबणाऱ्या बस आहेत.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसते आम्ही दोघं."

 

"बरं हाय," ते म्हणाले, भोंगा नसलेल्या आवाजात. "मंगळवारच्या बसनं जुडी पाठवतो. दोनच पाण्यानं धुजा."